वाफशाला हजर: जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या काळ्या रानात रब्बी ज्वारीची पेर वाफशावर ठरते. उत्तरा-हस्ताचा पाऊस पडतो, रान चिखल होऊन बसतं, मग ऊन पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेतकरी बांधावरून खाली उतरतो, मूठभर माती उचलतो, दाबतो आणि मूठ उघडतो. गोळा झाला आणि बोटाच्या धक्क्याने फुटला, की वाफसा आला. त्याआधी औत घातलं तर माती चोपून बसते. उशीर केला तर ढेकळं निघतात आणि ओल खाली जाते. मधले दोन-तीन दिवस, फार तर चार. कोरडवाहू माणसाचा अख्खा रब्बी हंगाम या दिवसांत सामावलेला असतो.

जुना डिझेल ट्रॅक्टर कसा पारखून घ्यावा यावरच्या पुस्तकाची सुरुवात मी मातीपासून करतो आहे, कारण असा ट्रॅक्टर घेणारा माणूस तो या दिवसांसाठीच घेतो. भाड्याचा ट्रॅक्टर प्रत्येक गावात मिळतो, एकरी दरही ठरलेला असतो. पण वाफशाच्या आठवड्यात सगळं गाव त्याच तिघा-चौघांना फोन लावतं. आपला नंबर पाचव्या दिवशी लागतो आणि तोवर रान वाळलेलं असतं. नवा ट्रॅक्टर घ्यावा तर २०१५-१६च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढ्या जमिनीवर नव्या ट्रॅक्टरचे हप्ते निघत नाहीत, ते घरातून भरावे लागतात. भाडं आणि कर्ज यांच्यामधली वाट म्हणजे जुना ट्रॅक्टर. लाखो कुटुंबं या वाटेने जातात आणि बहुतेक जण पहिल्यांदा जातात तेव्हा सोबत वाटाड्या नसतो.

म्हणून या पुस्तकातली प्रत्येक तपासणी शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: वाफशाच्या सकाळी हा ट्रॅक्टर चालू होईल का, आणि अंधार पडेपर्यंत चालेल का?

हा प्रश्न मला पुस्तकातून मिळालेला नाही. मी बारावीत होतो त्या वर्षी वडिलांनी बैलजोडी विकली, त्यात आईच्या पाटल्यांचे पैसे घातले आणि उन्हाळ्याच्या शेवटी एक जुना पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दारात आणला. रंग ताजा होता, मागचे टायर चांगले होते, सायलेन्सरला चंदेरी रंग लावलेला होता. दुपारी तीन वाजता आम्ही तो बघायला गेलो तेव्हा तो आधीपासून चालू करून ठेवलेला होता. वडिलांनी दोन फेऱ्या मारल्या, लिफ्ट वरखाली केली आणि इसार दिला. खरिपात त्याने काम केलं. सकाळी चालू व्हायला वेळ घ्यायचा, पण ऊन चढल्यावर बरा चालायचा. हस्ताचा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी वाफसा आला. पहाटेचा गारवा होता. सेल्फ मारला की पांढरा धूर निघायचा आणि इंजिन न पेटताच थांबायचं. सातव्या-आठव्या वेळेला बॅटरी बसली. गल्लीतल्या दहा माणसांनी ढकलून बघितलं. बैल तर केव्हाच गेलेले होते.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. इंजिन खोलण्याआधी त्यांनी बोनेट काढलं आणि एअर क्लीनरपासून इंजिनात जाणाऱ्या रबरी होजवर बोट फिरवलं. होजच्या खालच्या अंगाला वीतभर चीर होती. कुणीतरी ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून तिच्यावर रंग मारला होता. क्लीनरच्या वाटीतलं ऑइल स्वच्छ होतं, कारण बरीचशी हवा त्या वाटेने येतच नव्हती. ती चिरेतून थेट आत जात होती, आणि हवेबरोबर नांगरटीची, मळणीची, रस्त्याची सगळी धूळ. धुळीतली बारीक वाळू रिंग आणि लायनर यांच्यामध्ये कानशीसारखी फिरली होती. हेड उतरल्यावर मिस्त्रींनी मला लायनरच्या वरच्या भागात नख घालायला सांगितलं. रिंग जिथे थांबते तिथे नख अडकेल एवढी पायरी पडलेली होती. पिस्टन, रिंगा, लायनर तालुक्याहून येऊन इंजिन उभं राहीपर्यंत अकरा दिवस गेले. ज्वारी उशिरा पेरली, कमी ओलीवर आली, कणसं अर्धवट भरली. कडबा सुद्धा जनावरांना पुरला नाही. वीतभर चिरेने एका घराचं एक वर्ष नेलं.

त्यानंतर गावातलं, पाहुण्यांतलं कुणी ट्रॅक्टर बघायला निघालं की मी सोबत जाऊ लागलो. आधी मिस्त्रींची पिशवी धरायला, मग त्यांच्याकडून शिकायला, पुढे शेतीच्या मासिकांत या विषयावर लिहू लागल्यावर मुद्दाम वेळ काढून. त्या फेऱ्यांमध्ये जमलेलं या पुस्तकात आहे.

आधी या लोखंडाची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण आपण काय विकत घेतो आहोत ते तिच्यातून समजतं. भारतात पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर आयशरने फरीदाबादला १९५९ साली बाहेर काढला. १९६० साली चेन्नईची टॅफे मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने उभी राहिली. १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. बी-२७५ हा तिचा गाजलेला ट्रॅक्टर, आणि १९७७ साली ती महिंद्रमध्ये विलीन झाली. हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्याने १९७१ साली ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच अभियंत्यांनी रचलेला स्वराज १९७४ साली पंजाबातून बाजारात आला. आज जुन्या बाजारात उभे असलेले बहुतेक ट्रॅक्टर याच घराण्यांतले आहेत, किंवा त्यांच्या पुढच्या पिढीतले.

या घराण्यांचा एक गुण जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. त्यांची इंजिनं यांत्रिक आहेत. डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे पंपातला प्लंजर आणि स्प्रिंग ठरवतात, संगणक नाही. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना २०२३पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा आली. हवेसाठी ते योग्यच झालं. पण ती यंत्रणा बिघडली तर तपासायला कंपनीचं उपकरण लागतं. जुना ट्रॅक्टर मात्र तालुक्याच्या गावातला पंपवाला आणि बाजारपेठेतला मिस्त्री खोलून, बघून, जुळवून देऊ शकतात. मोडल्यावर जवळच दुरुस्त होईल असा ट्रॅक्टर ही लहान शेतकऱ्याची निम्मी सुरक्षितता आहे. त्यामुळे कोणत्या कंपनीचा घ्यावा या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्याचे सुटे भाग तुमच्या तालुक्यात त्याच दिवशी मिळतात आणि ज्यावर तुमच्या मिस्त्रीचा हात बसला आहे, तो. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तरीही जिथे त्याचे सुटे भाग आणि जाणकार टिकून आहेत तिथे तो आजही रानात दिसतो, आणि जिथे ते नाहीत तिथे चांगला राखलेला सुद्धा ओझं होऊन बसतो.

आता इंजिनाकडे येतो, आणि इथे थोडा जास्त वेळ थांबणार आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. पिस्टन हवा दाबतो, साधारण सोळा-सतरा पट. दाबलेली हवा इतकी तापते की नोझलमधून आलेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. म्हणजे डिझेल इंजिनाचा सगळा प्राण त्या दाबात आहे. रिंगा झिजल्या, लायनर मोठा झाला, व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला, की हवा निसटते, पुरेशी तापत नाही, आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. इंजिन गरम असताना लोखंडाचीच उष्णता मदतीला येते. ऑइलचा थर फट भरून काढतो आणि झिजलेलं इंजिन सुद्धा एका हिसक्यात चालू होतं. खोटेपणा झाकायला विकणाऱ्याला एवढं पुरतं. म्हणून थंड इंजिन चालू करून बघणं ही या पुस्तकातली पहिली आणि सर्वांत मोठी तपासणी आहे. सकाळी लवकर जा. आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला आणि रेडिएटरला हात लावा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण निर्णय दुसऱ्या सकाळवर ठेवा. ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर तो रोज उतारावरच उभा करतात का, हेही बघा. सेल्फ किंवा दाब कमजोर असलेला ट्रॅक्टर घरचे लोक नकळत उतारावर लावतात, आणि चाकांच्या जागी जमिनीत पडलेले खड्डे त्याची साक्ष देतात.

इंजिन चालू झालं की धूर बघावा. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर थंडीत माफ आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड पॅकिंगमधून किंवा तडा गेलेल्या हेडमधून पाणी आत जात असण्याची शक्यता मोठी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. काळा धूर एकदम रेस दिल्यावर क्षणभर निघाला तर घाबरू नये. तो भाराखाली सतत निघत असेल तर नोझल, पंप किंवा हवेची वाट तपासावी. मग ऑइल भरायचं झाकण काढून तळहात वर धरावा. चांगल्या इंजिनातून हलकी फुंकर लागते. हाताला ऑइलचे थेंब येत असतील आणि भात्यासारखा मारा होत असेल, तर पिस्टनवरचा जाळ रिंगांना ओलांडून खाली उतरतो आहे. डिपस्टिक ओढून बघावी. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते फार घट्ट आणि अगदी नवं दिसलं तर कशासाठी घातलं ते विचारावं. इंजिनकाम झालंय असं सांगितलं तर अर्धं की पूर्ण, क्रँक घासला का, घासला असल्यास कितीवर गेला, आणि लेथवाल्याची पावती आहे का, हे प्रश्न शांतपणे विचारावेत. क्रँक प्रत्येक वेळी घासला की लहान होतो, आणि शेवटच्या मापावर गेलेल्या क्रँकला पुढची दुरुस्ती नसते.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरच्या वयाची. बाजारात सगळे साल विचारतात. साल महत्त्वाचं आहेच, पण ट्रॅक्टरचं खरं वय त्याने केलेल्या कामात असतं. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहून दहा हंगाम काढलेला ट्रॅक्टर आणि मराठवाड्यात सहा एकरांवर नांगरट-पेरणी करून पंधरा वर्षं शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर यांत दुसरा तरुण असू शकतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याचा क्लच, क्राउन-पिनियन आणि मागची बेअरिंगं आधी थकतात. कोकणात, मावळात किंवा भंडारा-गोंदियाच्या भातखाचरात चिखलणी केलेल्याची ऑइल सीलं आणि ब्रेक बघावेत, कारण चिखलाचं पाणी मागच्या धुऱ्यापर्यंत पोचलेलं असतं. सतत रोटाव्हेटर चालवलेल्याच्या पीटीओ शाफ्टच्या दात्यांची धार जाते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेत फवारणीला राहिलेल्या लहान ट्रॅक्टरचं पत्र्याचं काम औषधांनी कुरतडलेलं असतं, पण गिअरबॉक्स बऱ्याचदा चांगला निघतो. आणि मळणीयंत्रावर गेलेल्याने रस्ता कमी पाहिला तरी भुसा आणि धूळ पोटभर खाल्लेली असते.

हे काम वाचायला मीटरची गरज पडत नाही. यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर तास मोजतं. संथ चालवलं तर ते कमी तास दाखवतं आणि केबल तुटली तर थांबतंच. त्यापेक्षा मागच्या हूकचं भोक बघा. ट्रॉलीच्या पिनने वर्षानुवर्षं ओढलेलं भोक लंबगोल होतं. क्लचच्या पेडलवरचं रबर जाऊन लोखंड किती गुळगुळीत झालं ते बघा. खालच्या लिंकचे गोळे हाताने हलवा. ही माणसाच्या तळहातावरच्या घट्ट्यांसारखी खूण आहे. काम केलेला हात लपत नाही.

बाकीच्या भागांची तपासणी पुस्तकात सविस्तर आहे, इथे दोन-तीनच सांगतो. लिफ्टसाठी मागे नांगर जोडून तो वर उचलावा, इंजिन बंद करावं आणि फाळाखाली वीट उभी ठेवावी. पाच-दहा मिनिटांत फाळ विटेला टेकला तर आतून ऑइल निसटतं आहे. चालू इंजिनावर लिफ्ट मान डोलावल्यासारखी हलत असेल तर त्याचंही कारण तेच. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा. इंजिन दबून बंद पडायला हवं. ते तसंच फिरत राहिलं तर प्लेट घसरते आहे. गिअर हातात न धरता उतारावर सुटतो का, तेही बघावं.

ब्रेकबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, हा भाग घाईने उरकू नका. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात आणि रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल पट्टीने जोडायचे असतात. बाजारात येणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टरांची ती पट्टी हरवलेली असते, किंवा एकच ब्रेक लागत असतो. रानात हे चालून जातं. भरलेल्या ट्रॉलीसह घाटात तोच ब्रेक ट्रॅक्टरला एका बाजूला ओढतो आणि ट्रॉली आडवी येते. त्या ट्रॉलीत बऱ्याचदा माणसं बसलेली असतात. पीटीओ शाफ्टवरचं झाकण नसेल तर ते बसवल्याशिवाय मळणीला लावू नका. पदर, धोतराचा सोगा, उपरणं त्या शाफ्टात एकदा अडकलं की माणूस सुटायला वेळ मिळत नाही. जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला म्हणून घरातल्या माणसाचा जीव स्वस्त होत नाही.

रंगाचं एक वेगळं प्रकरण या पुस्तकात आहे आणि ते मी मनापासून लिहिलं आहे, कारण आमच्या घराला रंगानेच फसवलं. रंगवलेला प्रत्येक ट्रॅक्टर वाईट नसतो. गंज टाळायला, आवडीने, सणाला लोक रंग देतात. रंग कुठे पोचला आहे ते बघावं. रबरी होजवर, वायरींवर, नावाच्या पट्टीवर रंग लागलेला असेल तर काम घाईने झालेलं आहे. हाउसिंगच्या सांध्यावर रंगाखाली वेल्डिंगची उंच रेघ लागते का, ते बोटाने चाचपावं. मडगार्डच्या आतल्या बाजूला मूळ रंग सापडतो. धूळ आणि ऑइल बसलेला ट्रॅक्टर दिसायला ओंगळ दिसतो, पण गळती कुठे आहे हे तो लगेच दाखवतो. नुकता धुतलेला असेल तर तासभर चालवून पुन्हा खाली वाकून बघावं.

कागदपत्रांवरचं प्रकरण कंटाळवाणं वाटलं तरी ते गाळू नये ही विनंती. इंजिन पुन्हा बांधता येतं. बँकेचा बोजा असलेला ट्रॅक्टर ऐन हंगामात दारातून गेला तर तो परत येत नाही. आरसी बुकावर बँकेचं नाव आहे का ते बघावं. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्यावा. विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा दिसतो का, हेही बघावं, कारण ट्रॅक्टरचं कर्ज अनेकदा जमिनीवर काढलेलं असतं. नाव बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, म्हणजे बाजारातले टीटी फॉर्म, नुसते सह्या करून खिशात ठेवू नयेत. चार हात फिरलेला आणि अजून पहिल्या मालकाच्या नावावर असलेला ट्रॅक्टर ही त्याची आणि तुमची, दोघांचीही डोकेदुखी आहे. अपघात झाला तर नोटीस त्या मालकाच्या दारात जाते आणि विम्याचा दावा अडकतो. मालक वारलेले असतील तर वारसांकडून फॉर्म ३१ लागतो, परजिल्ह्यातला किंवा परराज्यातला असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. नोंदणीला पंधरा वर्षं झाली असतील तर तिचं नूतनीकरण झालेलं असावं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. आणि चासीवरच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा. घासलेला, पुन्हा ठोकलेला नंबर डोळ्याला फसवतो, पण पेन्सिलच्या ठशात अक्षरांची वाकडी रांग दिसून येते.

पैशांच्या बाबतीत मी एकच नियम पाळतो आणि दुसऱ्यांना सांगतो: हातात जेवढे असतील त्यातले तीन हिस्से ट्रॅक्टरला, चौथा हिस्सा बाजूला. बॅटरी, क्लच प्लेट, पंप-नोझलचं काम, टायरची जोडी यांपैकी काही ना काही पहिल्या वर्षात निघतंच. सगळे पैसे सौद्यात घातलेला माणूस पहिल्या दुरुस्तीला सावकाराकडे जातो, आणि स्वस्त ट्रॅक्टर तिथून महाग व्हायला लागतो. अश्वशक्तीचा हव्यासही इथेच आवरावा. पाच एकर जमिनीला आणि घरच्या अवजारांना जेवढी ताकद लागते तेवढीच घ्यावी. जास्तीच्या ताकदीचं डिझेल रोज भरावं लागतं. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या अहवालांत मॉडेलची पीटीओवर मोजलेली ताकद आणि इंधनाचा खप दिलेला असतो. शोरूमच्या पत्रकापेक्षा तो आकडा हातात असलेला बरा.

विकणाऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. फसवणारे व्यापारी आहेत, हे मी घरात भोगलं आहे. पण जुना ट्रॅक्टर विकणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच शेतकरी असतो. मुलीचं लग्न, दवाखाना, वाटणी किंवा सलग दोन दुष्काळ, यांपैकी कशाने तरी त्याने स्टिअरिंग सोडलेलं असतं. त्याच्या दारात उभं राहून त्याच्या ट्रॅक्टरची निंदा करू नये. दोष दाखवायचा तो आकड्यासाठी: ‘‘भाऊ, क्लच घसरतोय, त्याचा खर्च आपण दोघांनी धरू.’’ अशा बोलण्याने मी अनेक सौदे माणसासारखे झालेले पाहिले आहेत. चांगला मालक तर आपणहून सांगतो, की थंडीत जरा वेळ लागतो, तिसरा गिअर सांभाळून टाका, लिफ्टचं ऑइल दोन वर्षं बदललेलं नाही. असा मालक भेटला तर थोडे पैसे जास्त द्यावेत. त्याच्याकडून ट्रॅक्टरबरोबर त्याचा पूर्वेतिहास मिळतो आणि तो बाजारात कुठेच विकत मिळत नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला, आपली गरज ओळखण्याचा: जमीन, पिकं, अवजारं, ताकद आणि पैसे. दुसरा आणि सर्वांत मोठा, तपासणीचा: थंड इंजिनापासून मागच्या धुऱ्यापर्यंत, ज्या क्रमाने जागेवर बघावं त्याच क्रमाने. तिसरा, सौदा, कागद आणि पहिला महिना: घरी आणल्यावर कोणतं ऑइल, कोणते फिल्टर आणि कोणते पट्टे आधी बदलावेत. चित्रं हाताने काढलेली आहेत आणि भागांची नावं गॅरेजमध्ये बोलतात तशीच ठेवली आहेत, कारण वाचणाऱ्याला ती मिस्त्रीसमोर उच्चारायची आहेत. कोणत्या मॉडेलला किती किंमत द्यावी याचे तक्ते यात मुद्दाम घातलेले नाहीत. किंमत हंगामाबरोबर आणि पावसाबरोबर हलते. छापलेला आकडा पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला नेईल.

ज्या मिस्त्रींनी मला लायनरमध्ये नख घालायला लावलं ते आज नाहीत. हे पुस्तक त्यांच्याकडून शिकलेलं आहे. पंपवाले, लेथवाले, टायरवाले आणि दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला आपल्या ट्रॅक्टरखाली आडवं होऊ देणारे शेतकरी, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. वडिलांनी तो ट्रॅक्टर विकला नाही. इंजिन बांधल्यावर तो आमच्याकडे पुढे चौदा वर्षं चालला, आणि दर हंगामाआधी ते स्वतः बोनेट काढून त्या होजवरून बोट फिरवायचे. नंतर त्यांनी कितीतरी वाफसे साधले. त्या एका वर्षाबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण बोट फिरवायचं त्यांनी कधी चुकवलं नाही.

तुम्ही उद्या कुणाच्या दारात ट्रॅक्टर बघायला जाणार असाल, तर रंग, टायर आणि किंमत यांच्याकडे बघण्याआधी पुढे जाऊन बोनेटखाली हात घाला. लोखंड थंड लागतं का बघा. लागलं, की सेल्फ मारायला सांगा आणि दोन पावलं मागे सरून ऐका.